खाली-डावा कोपरा

"दादा, माझा हात नाही चुकत. दांडाच चुकतोय."

रविवारची दुपार, पावणेदोन. कर्वे रस्त्यावरच्या एका कॅफेत मी बांधून दिलेल्या आर्केड कॅबिनेटसमोर, म्हणजे पार्लरमधल्या व्हिडिओ गेमच्या पेटीसमोर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. चार वाजता तिथं स्ट्रीट फायटर टू या मारामारीच्या गेमची स्पर्धा होती. सोळा जणांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर लिहून झाली होती. ती सरावाला लवकर आली होती आणि दोन नंबरच्या खेळाडूच्या दांड्यावर, म्हणजे जॉयस्टिकवर, सलग सहा डाव हरली होती.

मी तिला दिलेलं उत्तर मला अजून टोचतं. म्हणालो, "दोन नंबरला तोंड डावीकडे असतं ना, भल्याभल्यांची त्या बाजूची सवय कमी असते. थोडं खेळ, बसेल हात." तसं यात खोटं काही नव्हतं. बहुतेक जण एक नंबरवर शिकतात. पडद्यावरच्या पात्राचं तोंड उजवीकडे असलं की शोर्युकेन (उसळी घेत मारायचा ठोसा) डोळे मिटून निघते, डावीकडे तोंड झालं की मनगट अडखळतं. पण दांडा एकदाही हातात न घेता मी ते बोलून मोकळा झालो होतो.

माझं वर्कशॉप नाना पेठेत आहे. लाकूडकाम आणि वायरिंग दोन्ही मीच करतो. प्लाय टिंबर मार्केटातून येतो, वायर, पिना आणि पॉवर सप्लाय तपकीर गल्लीतून, स्क्रू-कब्जे बोहरी आळीतून. या कॅफेच्या मालकाने एका बंद पडलेल्या पार्लरवाल्याकडून कॅपकॉम कंपनीचा, या गेमचा मूळ सर्किट बोर्ड मिळवला होता. १९९१ सालचा गेम, आणि तोही चालू अवस्थेत. जुने बोर्ड जामा नावाच्या जोडणीवर चालतात. ती १९८५ची, एका खेळाडूला तीन बटणं देणारी. स्ट्रीट फायटर टूला सहा लागतात, म्हणून लाथांच्या तीन बटणांची वायर वेगळ्या कनेक्टरमधून ओढावी लागते. वायरिंगला दोन दिवस गेले आणि ते पहिल्याच फटक्यात चाललं. चुकलो मी सोप्या ठिकाणी.

मालकाचं एकच म्हणणं होतं: दांडा सान्वा या जपानी कंपनीचाच पाहिजे. इंटरनेटवर सगळे तेच नाव घेतात. सान्वाचा जेएलएफ दांडा आहेच सुरेख. हलकी स्प्रिंग, वर ३५ मिलिमीटरचा गोळा, खाली चार मायक्रोस्विच आणि शाफ्टला अडवणारं चौकोनी गेट. पण तो घडवलाय जपानी कॅबिनेटच्या पातळ धातूच्या पॅनलसाठी. माझं पॅनल १८ मिलिमीटर प्लायचं. इतक्या जाड लाकडाखाली तो सरळ बसवला तर वर शाफ्ट आखूड राहतो आणि गोळा पॅनलला चिकटल्यासारखा दिसतो. त्याला न्याय द्यायचा तर प्लाय खालून रूटरने खोल कोरून दांड्याची प्लेट आत बुडवावी लागते. नाहीतर जाड लाकडासाठीच केलेला दांडा घ्यायचा: अमेरिकेतल्या हॅपचा किंवा स्पेनच्या इंडस्ट्रियास लोरेन्झोचा. त्यांचा शाफ्ट लांब, वर गोळ्याऐवजी बॅटसारखी मूठ. मुठीत धरून जोर लावणाऱ्यांना तेच दांडे बरे पडतात. कॅम्पातल्या पार्लरमध्ये रुपया टाकून मुस्तफा (म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम) खेळलेल्या माझ्या पिढीचे हात तसेच आहेत.

हे सगळं मी मालकाला सांगितलं होतं, पण ठाम राहिलो नाही. कोरायला वेळही नव्हता. शेवटी लांब शाफ्टचे सुटे भाग मागवून जेएलएफच बसवला, प्लाय न कोरता.

गेटवरून मात्र मी अडून बसलो होतो आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मालकाला अष्टकोनी गेट हवं होतं. दिशा आठ, तर खाचाही आठ असाव्यात, असं त्याचं गणित. पण दांड्यात तिरक्या दिशेचा स्विच नसतोच. खालचा आणि डावीकडचा असे शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबले गेले की गेमला खाली-डावी दिशा कळते. चौकोनी गेटमध्ये ती दिशा कोपऱ्यात असते. दांडा तिथं टेकवला की टेकला, बघावं लागत नाही. गाइल हे पात्र खेळणारा माणूस निम्मा डाव त्या कोपऱ्यात बसून काढतो. बसून ब्लॉकही करतो आणि सॉनिक बूम या दुरून फेकायच्या वारासाठी मागची दिशाही धरून ठेवतो. झांगिफ हे पात्र खेळणाऱ्यांना दांडा गरकन फिरवायचा असतो, त्यांना अष्टकोनी गुळगुळीत लागतं हे खरं. पण एका कॅबिनेटवर एकच ठेवायचं तर मी चौकोनी ठेवीन.

चौकोनी गेटमध्ये एक गोष्ट विसरून चालत नाही. मधून बाजूपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या सुमारे १.४ पट अंतर कोपऱ्यापर्यंत असतं. दांडा तिरका जाताना जास्त कलतो, त्यामुळे त्याला वर जागाही जास्त लागते.

दोन वाजता एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, बँकेत नोकरी, पार्लरच्या काळातले गाइलवाले. मुलगी एक नंबरला सरकली, ते दोन नंबरला बसले. पहिला राउंड त्यांनी आरामात घेतला. दुसऱ्यात तिने त्यांच्या डोक्यावरून उडी मारली, पलीकडे उतरून पायावर लाथ मारली आणि गाइल आडवा झाला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, मी मागे-खाली धरूनच बसलोय. हा ब्लॉकच करत नाही. नुसता बसतो."

"सुरुवातीला करत होता की."

"तेव्हा ही माझ्या डावीकडे होती. पलीकडे गेली की बंद."

मी क्षणभर तसाच उभा राहिलो. मग स्पर्धेचा कागद उलटा करून त्यावर बाण काढायला बसलो. शोर्युकेन म्हणजे पुढे, खाली, मग पुढे-खाली आणि ठोसा. मुलीचं तोंड डावीकडे, म्हणजे तिचं पुढे-खाली म्हणजे खाली-डावी. हडुकेन या दुरून फेकायच्या वाराच्या मधेही तीच दिशा. गृहस्थांचं तोंड आता उजवीकडे, त्यांचं मागे-खाली म्हणजे... खाली-डावी. दोन माणसं, दोन वेगळ्या तक्रारी, एकच कोपरा.

बोर्ड टेस्ट मोडमध्ये टाकला. दोन नंबरचा दांडा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही लागले. शनिवारी रात्री मी एवढंच बघितलं होतं आणि खूष होऊन घरी गेलो होतो. आता दांडा सावकाश खाली-डावीकडे नेला. खाली लागलं. आणखी रेटला. डावीकडचं लागेना. जोर केला तर क्वचित टिक वाजायचं, हात सैल केला की गेलं. उरलेले तीन कोपरे ठणठणीत.

मालक म्हणाला, "स्विच गेला असेल." डावीकडचा स्विच एकट्याने व्यवस्थित चालत होता, तेव्हा तो गेलेला नव्हता. वायरही नव्हती. मी पॅनल उचललं. शाफ्टच्या खालच्या टोकाला खाच असते. तिथं चपटा स्क्रूड्रायव्हर धरून वरचा गोळा फिरवला की तो निघतो. गोळा काढला, मग त्याखालची काळी चकती, डस्ट वॉशर, उचलली.

प्लायच्या भोकाच्या कडेला, बरोबर खाली-डावीकडे, चंद्रकोरीएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. शाफ्ट भोकाच्या मध्यात नव्हता, त्या बाजूला साधारण तीन मिलिमीटर सरकलेला होता. होलसॉने २४ मिलिमीटरचं भोक मी वरून पाडलं होतं आणि प्लेट खालून स्क्रूने पिळली होती. रात्रीच्या घाईत एक स्क्रू वाकडा शिरला आणि प्लेटला ओढून घेऊन गेला. सरळ दिशेला शाफ्ट कमी कलतो, म्हणून स्विच दाबला जाण्यापुरती जागा उरत होती. कोपऱ्याकडे जाताना मात्र तो गेटपर्यंत पोचायच्या आधीच लाकडावर आपटत होता. पातळ धातूचं पॅनल असतं तर तीन मिलिमीटर खपून गेले असते. १८ मिलिमीटर जाडीत शाफ्ट वरच्या कडेपर्यंत पोचतो तेव्हा बराच बाजूला गेलेला असतो. आणि हे सगळं काळ्या चकतीने सुबक झाकलं होतं.

मुलगी शेजारीच उभी राहून बघत होती. मी ती घासलेली कड तिला दाखवली. म्हणालो, "तुझं बरोबर होतं. आधी दांडा बघायला हवा होता, मग बोलायला हवं होतं. चुकलं माझं." ती म्हणाली, "चार वाजेपर्यंत होईल ना, दादा?"

पावणेतीन झाले होते. प्लेट सरकवून नवे स्क्रू मारायचे तर ते जुन्या भोकांतच घसरले असते. म्हणून भोकच मोठं करायचं ठरवलं. मायक्रोस्विचमध्ये भुसा गेला तर नवीन दुखणं, त्यामुळे दांडा पूर्ण उतरवून बाजूला ठेवला आणि गोल कानशीने तो कोपरा घासत बसलो. प्लायचे थर आडवे-उभे असतात, कानस एका थरात सरकते आणि पुढच्यात अडते. घाई केली तर वरचा लॅमिनेट टवका सोडतो. गृहस्थ टॉर्च धरून उभे होते. पाऊण तास लागला. शेवटी पॉलिश पेपर, ओला फडका, मग दांडा परत वर.

टेस्ट मोडमध्ये खाली-डावीकडे एका टिचकीत दोन्ही लागले. मी मुलीला बसायला सांगितलं. तिने डावीकडे तोंड करून एकामागून एक दहा शोर्युकेन काढल्या. काही न बोलता.

स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत बाहेर पडली. त्याच गृहस्थांनी तिला हरवलं, तेही दोन नंबरवर बसून. तिने उडी मारून बाजू बदलली की ते खाली-डाव्या कोपऱ्यात दांडा टेकवून बसायचे आणि तिचा एकही पायावरचा वार आत जाऊ द्यायचे नाहीत.

सोमवारी पॅनल वर्कशॉपला आणलं. दोन्ही बाजूंना प्लाय खालून दहा मिलिमीटर कोरला, प्लेटा आत बुडवल्या आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातले, म्हणजे प्लेट ओढली जायला नको. मालकाला आता शेजारी टेकन या दुसऱ्या मारामारीच्या गेमचं कॅबिनेट हवंय, आणि पुन्हा सान्वाच. या वेळी मी ऐकलं नाही. टेकनमध्ये मिशिमा घराण्यातल्या पात्रांचा मुख्य ठोसा पुढे, मग दांडा मोकळा, मग खाली, मग पुढे-खाली असा निघतो. मधला तो मोकळा क्षण झटकन मिळायला दांडा हात सैल होताच मधोमध यावा लागतो. कोरियन दांड्यांत स्प्रिंगऐवजी रबर असतं आणि गेट गोल. रबर दांड्याला घट्ट परत खेचतं. टेकनचे कोरियन खेळाडू त्यावरच वाढलेत. दोन मागवलेत. पॅनल कापायच्या आधी ते आठ दिवस माझ्या टेबलावर राहणार आहेत. तीन वेगळ्या माणसांच्या हाताखाली, डस्ट वॉशर न घालता.