७,४०,००० चा फरक

बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जाला तारण असलेल्या मालाचा आणि उधारीचा तक्ता, द्यायची शेवटची तारीख, आणि उधारीची बेरीज जुळेना. अशिल सुताचे व्यापारी. त्यांच्या अकाउंटंट काकांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येणेकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये काढून पाठवली होती. सॉफ्टवेअर म्हणत होतं ३७,५०,०००. एक्सेलची बेरीज येत होती ४४,९०,०००.

"मॅडम, दोनदा काढून बघितली यादी. एकही खातं सुटलेलं नाही," काका फोनवर म्हणाले.

फरक ७,४०,००० चा. हिशेबनीसांची जुनी सवय आहे, फरक आला की आधी त्याची निम्मी करायची. जमेची, म्हणजे वजा व्हायची रक्कम नावे धरून मिळवली गेली, तर फरक नेमका दुप्पट येतो. निम्मी ३,७०,०००. यादीतल्या 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) लिहिलेल्या रकमा पेन्सिलीने मांडल्या, बरोबर तेवढ्याच भरल्या. गिऱ्हाइकांनी आगाऊ दिलेले पैसे होते ते.

मग एक्सेलला ते वजा का दिसले नाहीत? अशाच एका खात्यावर क्लिक केलं. सेलमध्ये '८५,०००.०० सीआर', आणि वर फॉर्म्युला बारमध्ये नुसतं ८५०००. उणे चिन्ह नाही, सीआर नाही. ती अक्षरं फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये होती. फॉर्म्युला फॉरमॅट वाचत नाही, आतला आकडा वाचतो. त्यामुळे 'इफ' लावून सीआर शोधायला गेलं तरी हाती काही लागत नाही.

'फाइंड'ला मात्र ते सापडतं. रकमांचा रकाना निवडायचा, 'लुक इन'मध्ये 'व्हॅल्यूज' ठेवून सीआर शोधायचं, 'फाइंड ऑल' करून सगळे सेल एकदम निवडायचे आणि पिवळे करायचे. मग रंगावर फिल्टर. शेजारच्या रकान्यात पिवळ्या ओळींना उणे लावून रक्कम आणायची, बाकीच्यांना आहे तशी. त्या रकान्याचं फॉरमॅट आधी 'नंबर' करून घ्यावं, नाहीतर जुनं फॉरमॅट तिथेही उतरतं आणि '-८५,०००.०० सीआर' असं डोकं फिरवणारं काहीतरी दिसतं.

बेरीज ३७,५०,००० आली. काका सुटले, पण मला तोही आकडा द्यायचा नव्हता. एकाने आगाऊ दिलेले पैसे दुसऱ्याच्या उधारीतून वजा होत नाहीत. ते आपलं देणं असतं, वेगळं दाखवायचं असतं. म्हणून अटीप्रमाणे बेरीज करणारे दोन 'सम-इफ' लावले, एक शून्याच्या वरच्यांचा, एक खालच्यांचा. येणं ४१,२०,०००, आगाऊ ३,७०,०००.

उणे खाती अशी एका जागी आली की मी ती नावानिशी वाचतेच. उधारीच्या यादीत जमा शिल्लक का, हा प्रश्न प्रत्येक खात्याला विचारायलाच हवा. त्या ८५,००० पाशी थांबले. त्याच आडनावाच्या दुसऱ्या पेढीकडे मोठं येणं दिसत होतं.

"काका, ही पावती नक्की कुणाची?"

त्यांनी बँकेचा उतारा काढला. पैसे दुसऱ्या पेढीचे होते, जमा पहिल्या खात्यात झाले होते. नोंद फिरवली, येणं ४०,३५,००० झालं, आगाऊ २,८५,०००.

या बँकेचं उधारीवरचं मार्जिन ४० टक्के, म्हणजे येण्याच्या ६० टक्क्यांवरच कर्ज. ४४,९०,००० तसेच गेले असते, तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज उचलायची मर्यादा, २,७३,००० ने फुगली असती, आणि तेवढी रक्कम मालकांनी तारणाशिवाय उचलली असती. स्टॉक ऑडिटला, म्हणजे माल-उधारीच्या तपासणीला, उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं.

पाच वाजायच्या आत स्टेटमेंट सही होऊन बँकेत गेलं. काकांना दोन्ही 'सम-इफ' बसवलेली कोरी फाइल त्याच संध्याकाळी पाठवली.