शिखरावरची मेरेतसेगर

इजिप्तच्या देवतांविषयी वाचताना बहुतेकांच्या मनात आधी इसिस येते, नाहीतर हाथोर. मला मात्र गेली काही वर्षे एका गावापुरत्या देवतेने धरून ठेवले आहे. तिचे नाव मेरेतसेगर, म्हणजे ‘जिला शांतता प्रिय आहे ती’. लक्सरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, अल-कुर्न नावाचा सुमारे 420 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याला निसर्गानेच पिरॅमिडसारखा आकार दिला असून त्याच्या पायथ्याशी राजांच्या थडग्यांची दरी आहे. मेरेतसेगर या डोंगरावर राहते असे म्हणण्यापेक्षा हा डोंगरच मेरेतसेगर होता असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण तिचे भक्त तिला सरळ ‘पश्चिमेचे शिखर’ म्हणूनच हाक मारत.

हे भक्त म्हणजे देर अल-मदीना या छोट्या वस्तीत राहणारे पाथरवट, चित्रकार आणि लेखनिक. राजांची थडगी खोदून रंगवणे हे त्यांचे पिढीजात काम होते. तिच्या नावाचे भव्य मंदिर कोणत्याही फॅरोने उभारले नाही. वस्तीकडून राण्यांच्या दरीकडे जाणाऱ्या वाटेवर, कातळात कोरलेल्या लहान देवळ्यांमध्ये, प्ताह या कारागिरांच्या देवाच्या जोडीने तिची पूजा होत असे.

तिला कधी नागिणीच्या, कधी स्त्रीचे मुख असलेल्या नागिणीच्या रूपात दाखवत. या प्रतीकाचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही. उन्हाने तापलेल्या त्या दगडांत साप-विंचवांचा सुळसुळाट होता. फॅरो दुसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 40 व्या वर्षातला, चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेला एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्यात कामगारांच्या गैरहजेरीच्या कारणांमध्ये विंचू चावल्याचीही नोंद आहे. (बिअर गाळण्यासाठी घेतलेली रजाही त्याच यादीत आहे.) जो डोंगर पोट भरतो तोच डसतोही, हा त्या माणसांचा रोजचा अनुभव होता. शिवाय नागीण हे इजिप्तमध्ये केवळ भयाचे चिन्ह नव्हते. राजाच्या कपाळावर फणा काढून बसलेली नागीण त्याची राखण करत असे.

मेरेतसेगरची खरी ओळख मात्र मला एका शिळेवरच्या मजकुरातून झाली. ही शिळा तुरीनच्या संग्रहालयात आहे आणि ती याच वस्तीतल्या नेफेराबू नावाच्या माणसाने घडवून घेतली आहे. आपण अडाणी होतो, बरे-वाईट आपल्याला कळत नव्हते, आपण शिखराचा अपराध केला आणि तिने आपल्याला धडा शिकवला, अशी कबुली तो देतो. अपराध कोणता, हे तो सांगत नाही. दुसऱ्या एका शिळेवर, प्ताहची खोटी शपथ घेतल्यामुळे भर दिवसा अंधार पाहावा लागला असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. इथे मात्र तो केवळ शिक्षेचेच वर्णन करतो. प्रसूतीच्या वेळी स्त्रिया विटांवर बसत, तसा मी विटांवर बसलो होतो, वाऱ्याला हाका मारत होतो आणि वारा येत नव्हता, असे तो म्हणतो. शिखराच्या पोटात सिंह आहे, ती चवताळलेल्या सिंहासारखा प्रहार करते, तेव्हा तिला जपून असा, असा इशारा तो गावातल्या लहानथोरांना देतो. पुढे मात्र त्याने तिचा धावा केला आणि ती गोड वाऱ्याची झुळूक होऊन आली, तिने त्याचा अपराध पदरात घेतला. हाका मारूनही न आलेला वारा शेवटी देवीच्याच रूपाने येतो, ही रचना मला विलक्षण वाटते. दगडावर मोजक्याच ओळी कोरायच्या असताना या कारागिराने एकाच प्रतिमेत कोपही बसवला आणि कृपाही.

तिच्या नावातल्या शांततेचा अर्थ बहुतेक ठिकाणी थडग्यांची, म्हणजे मृत्यूची निःशब्दता असा दिला जातो. तो चूक नाही, पण मला तो अपुरा वाटतो. इजिप्तच्या नीतिपर लेखनात, विशेषतः आमेनेमोपेच्या उपदेशात, डोके तापलेला माणूस आणि शांत माणूस अशी जोडी सतत भेटते. त्यातला शांत माणूस मुका नसतो, तो स्वतःला आवरणारा आणि देवावर भार टाकणारा असतो. ‘सेगर’ हा शब्द त्याच शांततेच्या धातूशी जोडलेला आहे. तेव्हा शांततेवर प्रेम करणारी देवी अशा माणसांवरही प्रेम करते, असे नेफेराबूच्या शेजाऱ्यांना ऐकू येत असावे, असे मला वाटते.

इसवी सनपूर्व अकराव्या शतकात राजांची थडगी या दरीत खोदणे थांबले, कारागिरांनी वस्ती सोडली आणि तिची पूजाही हळूहळू मंदावत गेली. इसिसची उपासना पुढे समुद्र ओलांडून रोमपर्यंत पोचली. मेरेतसेगर तिच्या डोंगरापासून कधी हललीच नाही.