देवांच्या वाटेवरून : आमची वाटचाल

गोव्यात पर्यटनाचा व्यवसाय, आणि सहलीत एकही किनारा नाही, असं सांगितलं की फोनवरचा माणूस हमखास पुन्हा विचारतो, "म्हणजे बीच नाहीच?" नाहीच. आमचं घर अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, माशेलच्या जवळ. हरमल, हणजूण, पाळोळेला पाहुणे नेणारे पुष्कळ आहेत, त्यांना त्यांचं काम चांगलं येतं. आम्ही पाठीवर पिशवी टाकून आलेल्या माणसाला गावांतून चालवतो, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये बसवतो, फेरीबोटीने नदी ओलांडतो आणि रात्री घरी जेवायला वाढतो.

२०१४ साली हे सुरू केलं ते माझ्या भावाने. तो आधी दाबोळी विमानतळ ते कळंगुट अशी टॅक्सी चालवायचा. त्याच्या गाडीतले लोक जुने गोवे, मंगेशी, मसाल्याची बाग आणि संध्याकाळी मांडवीतली बोट असं सगळं एका दिवसात उरकायचे. मंगेशीला दीपमाळेसमोर फोटो झाला की गाडीत. हे देऊळ इथेच का, असा प्रश्न कुणाला पडेपर्यंत ते थांबतच नसत, याचं त्याला फार वाईट वाटायचं. मी तेव्हा फोंड्यात हिशेबनीस होते. नोकरी सोडली आणि वह्या घेऊन त्याच्यासोबत बसले.

त्या प्रश्नातूनच आमची पहिली सहल तयार झाली. १६ व्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी आपापले देव उचलले आणि नदीपार, जिथे त्यांची सत्ता नव्हती अशा मुलखात नेले. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा. तो आधी मयेला गेला, मग माशेलला आला. आईच्या कडेवर बाळकृष्ण आहे अशी ती मूर्ती. आम्ही ठरवलं, देव गेला त्या वाटेने माणसांनाही न्यायचं.

पाहुणे कोकण रेल्वेने करमळीला उतरतात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण गाठायचं. धक्क्यापासून जवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. खंड्या बघायचा तर भरतीची वेळ विचारूनच निघावं लागतं. पुढे खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधावरून चालताना मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, दाखवतो. भरतीचं खारं पाणी आलं की तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात. शेकडो वर्षं ही शेती या दारांवर उभी आहे, आणि आता कितीतरी बांध दुरुस्तीवाचून फुटताहेत. हे मी प्रत्येक गटाला सांगते, सांगणारच. दुसऱ्या दिवशी मये, तिथून आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळा आणि माशेल. कुणाचे पाय बोलायला लागले तर पायलट आहेतच. मोटारसायकलवरून माणूस सोडणारे हे पायलट गोव्यात नाक्यानाक्यावर भेटतात.

सावईवेऱ्यातल्या एका कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, आम्ही अख्खी सकाळ घालवतो, आणि माझ्या मते ती सहलीतली सगळ्यात चांगली सकाळ. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी नि अननस, आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने सगळीकडे फिरवलेलं. कुळागराचे मालक काका भाषण करत नाहीत. खोरं हातात देतात आणि एक वाफा फोडून पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला लावतात. मागे एका नागपूरच्या मुलीने विचारलं, "काका, मिरी काढायची वेळ कशी कळते?" त्यांनी हिरवा घोस वाकवून तिच्या समोर धरला. त्यात एकच दाणा तांबडा झालेला होता. "हा दिसला की काढायला घ्यायची." मग एक हिरवा दाणा तिला चावायला दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा मागून घेतला.

काकांचे पैसे त्याच दिवशी त्यांच्या हातात पडतात. काजू आणि मसाल्याच्या दुकानांकडून आम्ही कमिशन घेत नाही. घेतलं की पाहुण्याला कुठे थांबवायचं ते दुकानदार ठरवू लागतो. एका ऑनलाइन बुकिंग कंपनीने सवलतीच्या अटी घातल्या, त्या मानल्या असत्या तर स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा रोज कापावा लागला असता. तिथून नाव काढलं. त्या वर्षी खोल्या रिकाम्या राहिल्या, पण हळूहळू जुन्या पाहुण्यांनीच नवे पाठवले.

स्वयंपाकघर वहिनीचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं मिस्कूट, म्हणजे लोणचं, रात्री बहुतेकदा खतखतं, म्हणजे बऱ्याच भाज्यांची एकत्र भाजी. कांदा-लसूण नसताना एवढी चव कुठून येते, असं पाहुणे विचारतात, मग ती तिरफळाचा डबा उघडून हुंगायला देते.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. भावाने टॅक्सीतून भाजी पोचवली, कर्ज फिरत राहिलं, एवढंच. नंतर मात्र पाहुणे बदलले. मुंबई-पुण्याची मुलं लॅपटॉप घेऊन आठवडा-आठवडा राहू लागली. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर लांबचेही येऊ लागले. तरी सल्ला तोच: एप्रिल-मेमध्ये चालायचं ते सकाळी दहाच्या आत, पावसाळ्यात सत्तरीच्या रानात जळवांसाठी मीठ जवळ ठेवायचं, देवळात गुडघे झाकलेले असावेत.

आता तयारी चाललीय चिखलकाल्याची. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात चोवीस तासांचं भजन सुरू होतं. द्वादशीला ते संपलं की अंगाला तेल लावून माणसं देवळापुढच्या मैदानात उतरतात आणि चिखलात खेळ सुरू होतात. अलीकडे पर्यटन खातंही हा उत्सव मोठा करतं, गर्दी वाढलीय. माशेलकरांचा मान राहिला तर ती वाढलेली चालेल, असं मला वाटतं. म्हणून या मुक्कामाला आम्ही घरात अंथरुणं पडतील तेवढेच पाहुणे घेतो. एकादशीच्या रात्री थोडा वेळ तरी भजनाला बसायची तयारी नसेल, तर दुसरी तारीख घ्या, असं फोनवरच सांगतो.