धोळावीरा: दोन ओढे आणि एक शहर

धोळावीरा म्हणजे कच्छच्या रणातल्या खडीर बेटावरचं सिंधू संस्कृतीचं जुनं शहर. भुजहून खावड्यामार्गे तिथे जाणारा नवा रस्ता थेट रणातून जातो. पूर्वी भचाऊ-रापरचा लांबलचक वळसा पडायचा. आता दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर मीठ, मधून डांबरी रस्ता आणि जागोजागी गाड्या थांबवून फोटो काढणारी मंडळी. आम्हीही काढले, खोटं कशाला बोला. पावसाळ्यात हे रण पाण्याखाली जातं आणि खडीर खरोखरचं बेट होतं. पण ते पाणी खारं. मग साडेचार हजार वर्षांपूर्वी इथे एवढं मोठं शहर पाणी प्यायचं कुठलं?

शाळेत सिंधू संस्कृती म्हणजे भाजलेल्या विटा आणि नदीकाठ असं पाठ केलं होतं. इथे दोन्ही नाही. बांधकाम बहुतेक दगडाचं, आणि नदीच्या जागी उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर हे दोन ओढे. तेही फक्त पावसात वाहणारे. त्या ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवलं आणि तटबंदीच्या आत निदान 16 जलाशयांत भरून घेतलं. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 13 मीटरचा उतार आहे. त्याचा फायदा घेऊन एकापेक्षा खाली एक असे तलाव केलेले. आपल्याकडच्या ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’मधलं फक्त अडवा त्यांना परवडणारं होतं. बाकी साठवा!

पूर्वेच्या जलाशयाच्या काठावर मी बराच वेळ रेंगाळलो. 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद, सुमारे 10 मीटर खोल. पाणी जसजसं खाली जाईल तसतसं उतरता यावं म्हणून पायऱ्या. वैशाखात तळाशी उरलेल्या पाण्यासाठी डोक्यावर मडकं घेऊन किती जणी चढल्या-उतरल्या असतील, असा हिशेब आपोआप मनात सुरू होतो. बालेकिल्ल्यातल्या विहिरीच्या दगडावर दोरानं पडलेल्या खाचा आहेत. त्या खाचेकडे बघताना जे कळतं ते दहा फलक वाचून कळत नाही.

बालेकिल्ल्यातल्या दगडी नाल्या पाहून कुणीतरी ‘गटारं बघा किती भारी’ म्हणालं. पण त्या पावसाचं पाणी गोळा करण्यासाठी होत्या. सांडपाण्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. काही तर माणूस आत चालू शकेल एवढ्या उंच. छपरांवरचा, अंगणांतला पाऊससुद्धा सोडायचा नाही, हा त्यामागचा हट्ट. असा कारभार चालवायला वर्षानुवर्षं गाळ काढणारे हात लागतात, आणि ते हात कामाला लावणारं कुणीतरी. मला तर त्या बालेकिल्ल्याची सत्ता पाण्यावरच उभी होती असं वाटतं. हा माझा तर्क, पुरातत्त्वाचा निष्कर्ष नव्हे.

हे ठिकाण जगत्पती जोशी यांनी 1960 च्या दशकात उजेडात आणलं. 1990 पासून आर. एस. बिश्त यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन झालं आणि 2021 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. उत्तर दरवाज्यापाशी सापडलेली दहा चिन्हांची पाटी सगळे विचारतात. ती लिपी अजून कुणालाच वाचता आलेली नाही.

सर्वांत वरच्या थरात शिस्तबद्ध चौकोनी घरं संपतात. शहर ओस पडल्यावर पुन्हा राहायला आलेल्यांनी गोल घरं बांधली. त्या घरांच्या पायाची वर्तुळं अजून दिसतात, आणि कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, आदल्याच दिवशी पाहिले असतील तर आकार लगेच ओळखू येतो.