मुरूडची शाळा आणि कुंभार्ली घाट

दापोलीकडे माणसं समुद्रासाठी जातात, तसे आम्हीही गेलो. पहिली संध्याकाळ मात्र कर्द्याच्या किनाऱ्यावर डोकं तापवून घेण्यात गेली. भरधाव गाड्या थेट वाळूत, डिक्की उघडून कर्कश गाणी, आणि पाण्याच्या कडेने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी जीव मुठीत धरून बाजूला व्हायचं. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. किनारा हा काही रेस लावायचा रस्ता नाही. डॉल्फिन दाखवणारे बोटवाले, हर्णैचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्ग, सगळं झालं. ते सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

लिहायचंय ते मुरूडबद्दल. कर्द्याच्या शेजारचंच गाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्यांचे गडगे, मधून जाणारा सावलीचा रस्ता. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी सकाळी घावणे आणि नारळाचं दूध इतक्या आग्रहाने वाढलं की उठवेना. मग गावातून चालत निघालो. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. वळणावर पाढ्यांचा आवाज आला आणि आमचे आप्पा जागीच थांबले.

आप्पा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शाळा दिसली की ते फाटकाशी जातातच. त्यांनी बाईंना नमस्कार केला, "मीही मास्तरच हो," म्हणाले. बाई हसल्या आणि त्यांनी आम्हाला आत बोलावलं. पोरं उभी राहून एका सुरात "नमस्तेऽऽ" म्हणाली. आप्पांनी काखेतला पेपर एका मुलीपुढे धरला. "वाच बघू बाळ." तिसरीतली असेल. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षराशी थांबत, ओठातल्या ओठात एकदा म्हणून बघत आणि मग मोठ्याने, असं तिने अख्खी बातमी वाचून काढली. बातमी भाताच्या खरेदीची होती. आप्पांचे डोळे भरून आले.

मग ते मुलांना म्हणाले, "याच गावात एक मुलगा देवळात बसून गावकऱ्यांना असाच पेपर वाचून दाखवायचा. ओळखा कोण?" मागच्या रांगेतून आवाज आला, "महर्षी कर्वे!"

धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८, आजोळी शेरवलीला. पण वाढले ते मुरूडमध्ये, आणि त्यांचं मराठी शिक्षण इथल्याच शाळेत झालं. त्या शाळेत सोमण गुरुजी होते. पाठांतर करून घेतलं की संपलं, असं मानणाऱ्यांतले ते नव्हते. गावाला जगात काय चाललंय ते कळायला हवं, म्हणून ते दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्राचं वाचन ठेवत आणि वाचायला शाळेतल्या धोंडूला बसवत. लाजराबुजरा मुलगा होता. आयुष्यभर तो लाजराच राहिला आणि तरीही सबंध महाराष्ट्राशी एकटा झगडला. गुरुजींनी वर्गाबाहेर दिलेलं हे बाळकडू होतं, असं मला ठामपणे वाटतं.

आम्ही नंतर देवळात गेलो. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहेच, पण माझ्या मनात ते पेपरवाचन घोळत होतं. ऐकणाऱ्यांत किती जणांना स्वतःला वाचता येत असेल? बायका ऐकायला येत असतील का? की शेजारच्या घरातून, पडवीच्या आडून ऐकत असतील?

या गावाने कर्व्यांना काय दिलं, तसं काय भोगायला लावलं हेही सांगायला हवं. १८९३ मध्ये कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर दोघं मुरूडला आली, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. ज्या आईने वाढवलं तिच्या पंक्तीला मुलाने बसायचं नाही. आज गावात त्यांचं स्मारक आहे आणि पोरं त्यांचं नाव अभिमानाने सांगतात. मला त्याचा आनंद आहे, पण तो ठराव विसरायला मी तयार नाही.

हिंगण्याचा आश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न, हे सगळे जाणतात. आप्पांना जास्त जवळचं वाटतं ते १९३६ चं काम. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा सुरू करायच्या. सत्तर रुपयांच्या पेन्शनमधून पंधरा रुपये त्यांनी स्वतः बाजूला काढले. विद्यापीठ उभारून झालेला माणूस म्हातारपणी पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला. आप्पा म्हणाले, "त्याला माहीत होतं, पाया कुठाय ते."

आणि आपण? २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार मांडला. पट कमी म्हणजे शाळा कमी महत्त्वाची, हे मला मान्यच नाही. पाटणच्या डोंगरात सहा वर्षांचं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जाणार आहे का? मुलगी असेल तर तिला पाठवणार आहेत का? कागदावर बसची सोय लिहून ओढ्यावर पूल होत नाही.

परतीला आम्ही मुद्दाम चिपळूणहून कुंभार्ली घाट धरला. आम्ही सातारकर, तशी वाट आमची रोजचीच. पण या वेळी घाट चढताना आप्पांनी माझ्या मुलीला कर्व्यांच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. १८७५ चा पावसाळा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची, ती पास झालं की मास्तरकी नाहीतर कारकुनी मिळणार. पावसाळ्यामुळे मुंबईचा समुद्रमार्ग बंद. तेव्हा मुरूडची काही पोरं पायी साताऱ्याला निघाली. शंभरावर मैल, याच घाटाने, पाठीला बोचकी बांधून, चिखल तुडवत. मोटारीतही इथे वळणावळणाला पोटात ढवळतं, आणि ही पोरं भिजत चढत होती.

सगळी साताऱ्याला वेळेवर पोचली. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. धोंडूची झाली होती, तसा दाखलाही होता. पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांचा विश्वासच बसेना. दाखला हातात असूनही त्याला परीक्षेला बसू दिलं नाही.

माझी मुलगी उसळलीच. "मग तो परत चालत गेला? एवढं सगळं?"

"गेला की. आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला."

"पण साताऱ्यात कुणीच कसं म्हटलं नाही, दाखला खरा आहे म्हणून?"

कोयनानगर मागे पडलं, पाटण आलं, उंब्रजला हायवे लागला, तरी ती हेच विचारत होती.