चाळिशीतला हाफ

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मॉड्रिच आज चाळीस वर्षांचा झाला. सकाळी आईला सांगितलं. ती पडवीत बसून अळूचे देठ सोलत होती. "चाळीस? मगे अजून धावता कित्याक?" म्हणाली. प्रश्न रास्त आहे. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि बाजाराची पिशवी घेऊन घराची घाटी चढताना मधे एकदा माडाला हात लावून उभा राहतो.

नेमकी आजच धाकटी शाळेतून तोंड पाडून आली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलींचा फुटबॉलचा संघ केलाय आणि सरांनी तिला मधे टाकलंय. दप्तर खुर्चीवर आपटलं.

"माका मधी खेळूचा नाय."

"कित्याक गो?"

"मधी असला काय कोण बघणा नाय. गोल मारणाऱ्याक टाळ्ये, गोलकीपराक टाळ्ये. मी नुसती हयसून थयसर."

यावर काय बोलावं मला सुचेना, कारण मीही हाफच होतो. मिडफिल्डर वगैरे तेव्हा आमच्या वाडीत कोणी म्हणत नसे. ओहोटीला कडक झालेल्या वाळूवर खेळायचो, भरतीचं पाणी गोलच्या चपलांना लागलं की मॅच संपली. जरा मोठे झाल्यावर टेम्पोच्या हौद्यात बसून पेडण्याच्या बाजूला गावोगावच्या स्पर्धांना जायचो. आमच्या फॉरवर्डचे गोल आजही लोक चहाच्या टपरीवर सांगतात. त्यातला कुठला पास माझा, हे मलाच आठवत नाही तर त्यांना काय आठवणार.

१९९७ साली तेरेखोलची फेरी ओलांडून गोव्यात एका क्लबच्या निवडीला गेलो होतो. वीसेक मिनिटं खेळवलं. मग निवडणाऱ्याने माझ्या पिंढऱ्यांकडे बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आंगांत कांय ना रे." हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं. परतीच्या फेरीत उभ्याने भाजी-पाव खाल्ला, तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं सोबतच्या मित्राला सांगितलं.

मॉड्रिचलाही हायडुक स्प्लिट या तिकडच्या क्लबने पोरवयात असंच परत पाठवलं होतं. लहानखुरा, किडकिडीत, म्हणून. हे मी वाचलं तेव्हा पस्तिशी उलटली होती, आणि खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं की तो त्यानंतरही खेळत राहिला आणि मी पतपेढीत चिकटलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

पंचमी. बाबांचा म्हाळ. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, अळू, भोपळ्याची भाजी, खीर. पान ठेवलं तरी कावळा काही येईना. "पखवाज ऐकल्याशिवाय येवचे नाय ते," आई म्हणाली.

बाबा दशावतारात पखवाज वाजवायचे. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की पुढचे काही महिने ते आम्हाला दिवसा झोपलेलेच दिसत. लोक राजाला ओळखत, राक्षसाला ओळखत, लुगडं नेसून राणी होणाऱ्या नटाला तर बाजारात थांबवून चहा पाजत. बाबांना कोणी थांबवलेलं मी पाहिलेलं नाही. ते कडेला पेटीवाल्याशेजारी.

दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. नट जागेवर बोलतो. बोलता बोलता केव्हा गाण्यावर जाईल, केव्हा गिरकी घेईल, केव्हा तलवार उपसेल, ते पखवाज्याला अर्धा श्वास आधी कळावं लागतं. मी लहानपणी त्यांच्या पाठीमागे घोंगडीत निजायचो. मधेच जाग आली की त्यांची मान दिसायची. सारखी हलणारी. राजाच्या पायांकडे, पेटीवाल्याकडे, मग पडद्याच्या फटीकडे, तिथे पुढचा कोण उभा आहे ते बघायला. स्वतःच्या हातांकडे कधीच नाही. नाटक सुरू व्हायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापायचे, एकदा थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा ऐकायचे. पहाटे ती कणीक सुकून कडक झालेली असायची. नखाने खरवडून काढायचे.

टीव्हीवर मॉड्रिच बघताना मला पहिल्यांदा ओळखीची वाटली ती ती मान. कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे ती सहसा दिसत नाही. मैदान लांबून दाखवतात तेव्हा बघावं. चेंडू अजून दुसऱ्याच कोणाच्या पायात असतो आणि हा एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या. चेंडू येईपर्यंत मागे कोण आहे, मोकळं कोण आहे, हे सगळं बघून झालेलं असतं. म्हणून उंची १७२ सेंटिमीटर असूनही दांडगे लोक त्याच्या अंगाला लागत नाहीत. ते पोचतात तोवर चेंडू गेलेला असतो. मलाही कोणीतरी हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी चेंडू पायात आल्यावर मान वर करायचो.

कावळा साडेबाराला आला. वडा नेला, अळूला तोंड लावलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री लाइट गेली. धाकटीला झोप येईना म्हणून मॉड्रिचची गोष्ट सांगितली. गोलांची सांगायची तर दोन मिनिटांत संपली असती.

क्रोएशियात वेलेबिट डोंगराखाली त्याच्याच आडनावाचा गाव आहे, मॉड्रिची. आजोबांचं नावही लुका. नातू पाच वर्षांचा असताना काठी घेऊन शेळ्यांमागे चाललाय, असं एक जुनं चित्रीकरण आहे. १९९१ च्या डिसेंबरात सर्ब बंडखोरांनी आजोबांना ठार मारलं, घर जाळलं. कुटुंब झादरला आलं. तेही आपल्यासारखंच समुद्रकाठचं शहर. तिथल्या हॉटेलांतून निर्वासितांना ठेवलं होतं, त्यात हे काही वर्षं राहिले. शहरावर तोफगोळे पडत होते आणि पोरगा हॉटेलच्या पार्किंगमध्ये चेंडू खेळत होता.

"हॉटेलात? फुकट?" धाकटीने विचारलं.

मग दिनामो झाग्रेब हा क्लब. त्यांनी अठराव्या वर्षी बॉस्नियातल्या मोस्तारला उसना धाडला, तिथे दांडगाईचा खेळ, आणि तिथे हा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ ला इंग्लंडचा टॉटनहॅम, २०१२ ला स्पेनचा रेआल माद्रिद. पहिल्याच वर्षी एका स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी मत दिलं की हंगामातली सगळ्यांत वाईट खरेदी हीच. त्याच माणसाने तिथे तेरा हंगाम काढले, २८ चषक, त्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यांत मोठी स्पर्धा, सहा वेळा.

त्याच स्पर्धेच्या २०१४ च्या लिस्बनच्या अंतिम सामन्यात ९३ व्या मिनिटाला त्याच्या संघातल्या रामोसने डोक्याने गोल केला म्हणून माद्रिद वाचलं. रामोसचं ते डोकं जगाला ठाऊक आहे. कॉर्नर कोणी मारला होता, असं परवा मी पतपेढीतल्या एका फुटबॉलवेड्या पोराला विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

आणि तो पास. १२ एप्रिल २०२२, चेल्सीविरुद्ध, आपल्याकडे १३ ची पहाट. दोन सामने मिळून माद्रिद ३-४ ने मागे. ऐंशीव्या मिनिटाला मॉड्रिचने डावीकडून उजव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू उचलला. डिफेन्सच्या डोक्यावरून वळत तो थेट रोद्रिगोच्या पायावर उतरला, आणि त्याने हवेतल्या हवेत आत मारला. मी तो पास किती वेळा बघितलाय याचा हिशेब नाही. काळोखात उशी ठेवून धाकटीला पायाचा कोन दाखवायला गेलो तर करंगळी पलंगाच्या पायाला आपटली.

२०१८ च्या वर्ल्ड कपची तिला अर्धीच सांगितली. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळ संपायला आला असताना त्याची पेनल्टी अडवली गेली. थोड्या वेळाने शूटआउट आलं, आणि हा पुन्हा चेंडू ठेवायला पुढे आला. त्या काही पावलांत माणूस काय विचार करत असेल? मारली, आत गेली. क्रोएशियाने डेन्मार्क, रशिया, इंग्लंड असे ओळीने तीन सामने १२० मिनिटांचे खेळून अंतिम फेरी गाठली आणि १५ जुलैला फ्रान्सकडून ४-२ हरले. आमच्याकडे त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि लाइट नव्हती. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर बघितलं. तिकडे मॉस्कोतही बक्षिसाच्या वेळी धो धो. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू हातात, आणि चेहरा असा, की जणू कोणीतरी त्याला दुसऱ्याचं सामान धरायला दिलंय. डिसेंबरात बालों द'ओर, वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, मिळाला. २००८ पासून तो रोनाल्डो आणि मेस्सी सोडून तिसऱ्याला मिळाला नव्हता.

एक गोष्ट तिला नाही सांगितली. दिनामोचे सर्वेसर्वा झ्द्रावको मामिच यांच्यावरच्या पैशांच्या खटल्यात २०१७ ला मॉड्रिचची साक्ष झाली. आधी तपासात सांगितलेलं कोर्टात बदललं आणि बऱ्याच प्रश्नांना "आठवत नाही" म्हणाला. खोट्या साक्षीचा आरोप झाला, पुढे तो टिकला नाही. पण लोक चिडले. झादरच्या ज्या हॉटेलात तो निर्वासित म्हणून राहिला होता, त्याच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलं, "लुका, हा दिवस तुला आठवेल." मला ते वाक्य त्याच्या सगळ्या चषकांइतकंच लक्षात राहिलंय. ती मोठी झाली की सांगेन.

आपल्याकडचं कोणी नाही का, असं तिने विचारलं. आहे की. गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध ९१ व्या मिनिटाला त्याने सामन्यातला एकुलता एक गोल केला. ती स्पर्धा भारताने जिंकली आणि त्या जोरावर २०११ मध्ये, २७ वर्षांच्या खंडानंतर, फुटबॉलचा आशिया कप खेळायला गेला. धाकटी नावावरच हसत बसली, आणि मग झोपली.

१४ सप्टेंबर, रविवार (खरं तर १५ उजाडला)

संध्याकाळपासून अख्खी वाडी क्रिकेटला बसली होती. आशिया कप, भारत-पाकिस्तान. त्यांचे १२७, आपण सोळाव्या षटकात सात गडी राखून जिंकलो. फटाके वाजले, कुत्रे भुंकले, अकरा-साडेअकरापर्यंत सगळं निजलं.

इटलीतली मॅच, मिलान विरुद्ध बोलोन्या, आपल्या वेळेने सव्वाबाराला. माद्रिद सोडून मॉड्रिच उन्हाळ्यात मिलानला गेलाय. लहानपणी त्याचा आवडता खेळाडू झ्वोनिमिर बोबान मिलानचा, म्हणून त्याचाही क्लब तोच. दहा नंबर तिथे आधीच लेआओकडे, याने गुपचूप चौदा घेतला.

आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या टोकाला. खुर्ची, डासांची कॉइल, मोबाइल तांब्याला टेकवून. पन्हळीतून बारीक पाणी गळत होतं. पहिला अर्धा तास कंटाळवाणा, उगाच कशाला खोटं सांगा. मी सामना सोडून त्याची मान बघत होतो. चाळीस वर्षांची मान, पण फिरत होती.

तासाभराचा खेळ झाला आणि स्क्रीनवर गोल गोल चक्र सुरू झालं. मोबाइल वर धरला, अंगणात गेलो, विहिरीपाशी गेलो, पावसात भिजलो. चित्र परत आलं तेव्हा लाल-काळ्या सदऱ्यांचा ढीग झाला होता आणि वर लिहिलं होतं १-०, मॉड्रिच ६१.

बायको दारात उभी. "काय झाला? ओरडलात कित्याक?"

"गोल झालो."

"कोणी मारल्यान?"

"लुकान."

"बघितलात?"

"नाय."

ती इतकी हसली की आई आतून ओरडली. मीही हसलो, काय करणार. आयुष्यभर दुसऱ्यांना पास देणाऱ्या माणसाने एकट्याने सामना जिंकून दिला, आणि तेवढ्यात मी विहिरीपाशी. सामना तेवढ्यावरच संपला. सकाळी गोल बघितला, पण ते वेगळं. सकाळी बघितलेला गोल म्हणजे जत्रेहून आलेल्याने सांगितलेलं नाटक.

१६ सप्टेंबर, मंगळवार

धाकटी शाळेतून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि माझ्यावर राग.

"तुझा ऐकान मागे बघलंय नि बॉल पायाखालसून गेलो. सगळी हसली. सर वरडले."

"किती वेळा बघलंस?"

"एकदाच. पण बराच वेळ बघलंय."

म्हटलं, बराच वेळ नाही बघायचं, नुसती नजर टाकायची आणि परत. तिने उत्तर दिलं नाही. पाय धुवायला गेली. सरांनी तिला अजून मधेच ठेवलंय, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

जेवताना ताटातला मासा निवडता निवडता म्हणाली, "बाबा, ता शेळ्यांचा परत दाखव."