चालत्या घरात चावदिसाचे पोहे

दिवाळीत मोटारहोम घेऊन कोकणात उतरणाऱ्यांना माझा आग्रह असतो, की घरच्या सणाचे संपूर्ण ताट गाडीत उभे करण्याचा अट्टहास करू नये. ज्या किनाऱ्यावर मुक्काम आहे, तिथला त्या दिवसाचा पदार्थ करावा. सिंधुदुर्गात नरकचतुर्दशीला, म्हणजेच चावदिसाला, पहाटे अभ्यंगस्नान उरकून तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले की घरोघरी पोह्यांचे निरनिराळे प्रकार मांडले जातात. हा बेत गाडीतल्या ओट्याला फार शोभतो, कारण त्यातले बहुतेक काम भिजवण्याचे आणि कालवण्याचे असते.

गाडीत जाळ हीच सर्वांत महाग वस्तू असते. बारा व्होल्टची 200 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात साधारण 2.4 युनिट वीज मावते, आणि 1500 वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालवली की त्यातले पाऊण युनिट संपते. दिवे, पंखा आणि फ्रीज यांची गरज वेगळीच. म्हणून मी पाच किलोचा छोटा सिलिंडर बाळगते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच आणि शेगडी पेटलेली असताना छताची खिडकीही उघडी हवी. याबाबतीत हयगय करणाऱ्या माणसाने गाडीत स्वयंपाक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पोहे. गावठी लाल पोहे स्थानिक बाजारातून घ्यावेत. त्यांची चव आणि चिवटपणा पांढऱ्या पोह्यांना नाही. रसातल्या पोह्यांसाठी नारळ खवून, कोमट पाणी घालून त्याचे दाट दूध काढायचे, त्यात चिरलेला गूळ विरघळवायचा, वेलची आणि किंचित मीठ घालायचे आणि धुऊन निथळलेले पोहे त्यात सोडायचे. नारळाचे दूध उकळले तर फुटते; म्हणजे इथे शेगडी न पेटवणे हीच योग्य कृती आहे. दह्यातल्या पोह्यांना आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर पुरते. गूळ-खोबऱ्याचे पोहे हाताने चांगले चुरून कालवावे लागतात, कारण गुळाचा ओलावा पोह्यांत मुरल्याशिवाय त्यांना चव येत नाही. फोडणी लागते ती केवळ तिखट पोह्यांना.

सोबत काळ्या वाटाण्याची उसळ मात्र हवीच, आणि गॅस राखून ठेवायचा तो तिच्यासाठी. वाटाणे आदल्या दिवशी दुपारीच घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घालावेत आणि तो डबा सिंकमध्ये ठेवावा, म्हणजे देवगडहून मालवणकडे येताना वळणावळणांच्या रस्त्यावरही पाणी सांडत नाही. रात्री कुकरमध्ये ते शिजवून घेतले, की सकाळी भाजक्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, मालवणी मसाला आणि दोन आमसुले घालून एक उकळी पुरते.

हे सकाळचे काम मी गाडीबाहेर करते. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, पण पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यामुळे पहाटेच्या स्वयंपाकाला शेगडी गाडीच्या समुद्राकडच्या बाजूस मांडावी, म्हणजे गाडीचाच आडोसा होतो. संध्याकाळी याच्या उलट. गाडी पुळणीवर नेण्याचा मोह टाळावा. चाके रुततात, भरतीची वेळ चुकली तर गाडीच धोक्यात येते, आणि किनारा हा काही वाहनतळ नव्हे. त्यापेक्षा गावात रीतसर विचारून एखाद्याच्या खळ्यात जागा मागावी.

तसे विचारण्याचा लाभ पार्किंगपुरता राहत नाही. खळ्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे काकी म्हणतात, त्यांनी आमची उसळ चाखून आधी वाटण आणखी भाजायला हवे होते असे सांगितले आणि मग "फॉव खावक येवा" म्हणून घरात बोलावले. चावदिसाला एकमेकांकडे पोहे खायला जाण्याची रीतच आहे, आणि आपल्याकडेही काही वाढण्यासारखे असले की पाहुणा त्या रीतीत बरोबरीने सामील होतो.

वाढण्यासाठी केळीची पाने घ्यावीत, म्हणजे टाकीतले पाणी भांड्यांवर खर्च होत नाही. पाने गोठ्यात देता येतात. रसातले पोहे दुपारपर्यंत टिकत नाहीत, ते त्याच बैठकीत संपवावेत. उरलेली उसळ मात्र दुपारी गरम भातावर अधिकच मुरलेली लागते.